बारा वाजायच्या आत

अकराव्या ओळीच्या मध्यावर ट्रॅक्टरनं दोन उचक्या दिल्या आणि तो बंद पडला. मागचा फवारणीचा ब्लोअर फिरत फिरत थांबला. मग द्राक्षाच्या पानांवरून औषधाचे थेंब गळताना ऐकू यायला लागले.

मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घुमलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तेच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. रात्री दोन सरी येऊन गेल्या होत्या आणि धुकं अजून मांडवाच्या तारांना धरून होतं. असल्या ओलीत डावणी येते. पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी धरते, तिथून घडावर जाते आणि दोन-तीन दिवसांत घड वाळून काळा पडतो. दुपार व्हायच्या आत औषध बसलं तर बाग वाचते. माझ्या तीस ओळींतल्या साडेदहा झाल्या होत्या, औषध टाकीत कालवलेलं होतं आणि ट्रॅक्टर बागेच्या पोटात अडकून बसला होता.

बांधावरून सर्जेराव भाऊजी येताना दिसले. आवाज थांबलेला त्यांनी ऐकला असणार. खरं सांगायचं तर सहा महिने ते कान लावूनच होते.

सर्जेराव माझे धाकटे दीर. माझे मालक माघात गेले. चैत्रात खरडछाटणीच्या वेळी भाऊजी माझ्या सोप्यात येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, दादानं ही बाग लेकरासारखी वाढवली. ती तुमच्या हातनं जाताना मला बघवायची न्हाई. दसऱ्याआधीची घडाची छाटणी तुमच्या हातनं होऊ दे, बघू. पर एक जरी फवारणी चुकली तर बाग माझ्याकडं. तुमच्या खाण्यापिण्याला काय कमी करणार न्हाई. पर मग तुमी घरात बसायचं आन् ट्रॅक्टर माझ्या दारात."

मी "बरं" म्हटलं होतं. माणूस लबाड नव्हता. बाईनं, त्यातून नवरा नसलेल्या बाईनं, ट्रॅक्टरवर बसून बाग करावी हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं, एवढंच. मालकांची कंबर धरायची म्हणून दोन वर्षं ओळीतनं हा छोटा ट्रॅक्टर मीच चालवत होते. पण तेव्हा मालक बांधावर उभे असायचे, त्यामुळं तो त्यांनीच चालवल्यासारखा होता.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"बंद पडला."

"आपसुक?"

"आपसुक."

त्यांनी मला खाली उतरायला लावलं, स्वतः बसले, चार वेळा सेल मारला. मग काट्याकडं बघून हसले. "डिझेल किती हाय?"

"काटा निम्म्यावर हाय की."

"काटा खोटं बोलतोय. गाड्याला चारा लागतोय, वैनी. नुसतं हाकून भागत न्हाई."

त्यांनी माझ्या शेडातला कॅन आणला, स्टिअरिंगपुढची रबरी पट्टी उचलून टाकीचं झाकण फिरवलं, काठोकाठ डिझेल ओतलं, झाकण घट्ट बसवलं. किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर पहिल्या सेलला सुरू झाला.

"बघितलं?" ते उतरत म्हणाले. "आता मारा."

मी अकरावी ओळ पुरी केली, बारावी केली, तेरावीत शिरले आणि निम्म्यात पुन्हा त्याच दोन उचक्या. बंद.

या खेपेला भाऊजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. "नऊ वाजून गेलं," ते म्हणाले. "मी बारापर्यंत थांबतो. बाराला माझा पंप आन् चार माणसं आणतो, नळ्या टाकून उरलेली बाग मारतो. बाग मरू देणार न्हाई. पर ठरलेलं ठरलेलं."

"बारा वाजायचं हायत अजून," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले नामदेव पैलवान आले. हे भाऊजींचे दोस्त. पैलवानकी कधीची सुटली होती, पोट तेवढं राहिलं होतं. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली.

"टायर बघताय व्हय, पैलवान?" मी विचारलं.

"सगळंच बघावं लागतंय, वैनी." त्यांनी बॉनेटावरच्या वाळलेल्या झेंडूच्या माळेला हात लावला. "पूजा तर झालीया. मग रुसला कशापायी? यंत्राला बी माणूस कळतंय म्हणत्यात. बाईमाणसाचा हात लागला की..."

"तुमच्या मोटरसायकलीवर बाईमाणूस कधी बसलं न्हाई, तरी ती रोज ढकलताय की."

भाऊजींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

ट्रॅक्टरच्या पेटीत कंपनीचं पुस्तक होतं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, ते साठी ओलांडल्यावर शिकले. पैलवानांना येत होतं, पण चष्मा घरी राहिला होता. हात लांब करून त्यांनी चार पानं उलटली, एका चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे काय तरी असणार." मग त्यांनी जीप आणून दोरीनं ट्रॅक्टर ओढायची गोष्ट काढली. त्या चिखलात जीप घातली असती तर वेली आणि खांब दोन्ही गेले असते. मी नको म्हटलं. तोवर भाऊजी मधूनमधून सेल मारतच होते. इंजिनचा घुमायचा आवाज जड व्हायला लागला होता.

मी इलाही मिस्त्रीला फोन लावला. तालुक्यातल्या अर्ध्या ट्रॅक्टरांचं पोट त्याला माहीत होतं.

"हौसाक्का, मी कवठ्याला हाय. एक इंजिन उघडून ठेवलंय. सांजच्याला येतो."

"सांजच्याला येऊन काय माझं तोंड बघणार हाय व्हय? बाराच्या आत पायजे."

"सेल कितींदा मारला?"

"मोजलं न्हाई. भाऊजी अजून मारत्यातच."

"त्यांना आधी खाली उतरवा! बॅटरी बसली तर मी येऊन बी काय करू?" मी भाऊजींना हात केला. ते नाइलाजानं उतरले. "आता ऐका. घुमतंय पर पेटत न्हाई, म्हंजे डिझेल पोचत न्हाई. टाकीपासनं निघा आन् नळी धरून खाली या. कुठपर्यंत येतंय आन् कुठं थांबतंय ते बघा."

"दारं धरल्यागत?"

"हां! आगदी दारं धरल्यागत. आन् नळी परत जोडली की फिल्टरवरचा बोल्ट सैल करून आधी हवा काढा, मग सेल मारा."

एवढं पुरेसं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दारं धरून या रानाला पाणी पाजलं होतं. शेवटच्या वाफ्याला पाणी आलं नाही तर वाफ्यावर उभं राहून ओरडून उपयोग नसतो. पाटाच्या कडेनं वर चालायचं आणि फुटलंय कुठं ते बघायचं. सकाळपासून आम्ही तिघं वाफ्यावर उभे राहून ओरडत होतो.

मी पान्हा घेतला आणि चिखलात गुडघे टेकले.

"वैनी, राहू द्या, मी खोलतो," भाऊजी म्हणाले.

"तुमी बाराला खोला."

फिल्टरजवळची रबरी नळी मी काढली आणि तिच्याखाली डबडं धरलं. नळीतून डिझेल आलं. मग बारीक धार झाली. मग थेंब. मग तेही थांबलं.

"कचरा!" पैलवान वरून म्हणाले. "नळीत कचरा अडकलाय. फुकून काढा."

"कचरा असता तर पहिल्यापासनं बारीक आलं असतं," मी म्हटलं. "हे आलं मोकळं आन् मग थांबलं."

"टाकी तर काठोकाठ भरलीया," भाऊजी म्हणाले. "मी सोता भरली."

तिथंच माझं डोकं अडकलं. निम्म्या टाकीवर ट्रॅक्टर साडेदहा ओळी चालला होता. टाकी भरल्यावर दोन ओळींत मेला. भरल्यावर जास्त चालायचा सोडून कमी चालला. असं कुठं होतं?

होतं. माझ्या घरात दर महिन्याला होतं. गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा आणला की त्याला एक भोक पाडून तेल ओतायला गेलं तर धार येते, अडते, गुळगुळ करते आणि थांबते. डबा जितका भरलेला तितकी लवकर अडते. म्हणून कुठलीही बाई डब्याला दोन भोकं पाडते. एक तेल यायला, एक वारा जायला.

"भाऊजी," मी म्हटलं, "मघाशी तुमी डिझेल ओतलं, तवा झाकण काढताना आवाज झाला का काय?"

"कसला आवाज?"

"वारा वढल्यागत."

ते विचारात पडले. "झाला असंल. ध्यान दिलं न्हाई."

"आता द्या. हे डबडं नळीखाली धरा."

त्यांनी धरलं. मला अजूनही आठवतं, त्यांनी हूं की चूं न करता चिखलात बसून ते डबडं धरलं होतं. मी वर चढले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

"सूंऽऽ" असा आवाज आला. बुडालेला माणूस वर येऊन श्वास घेतो तसा. आणि खाली नळीतून डिझेलची धार भाऊजींच्या मनगटावर फुटली.

"आयला!" पैलवान म्हणाले.

मी झाकण उलटं करून बघितलं. मध्यभागी बारीक भोक असतं, वारा आत जायला. सुई जाईल एवढं. ते दिसतच नव्हतं. झाकण सुलटं केलं. वरच्या खोलगट जागेत शेंदराचा जाड थर बसला होता. तेलात कालवलेला, दोन दिवसांत वाळून पक्का झालेला, वरून डिझेल आणि धूळ बसून काळवंडलेला, म्हणून मघाशी कुणाच्या नजरेत आला नव्हता. मी पोलक्याची पिन काढून मधोमध टोचली. लाल खपली निघाली आणि भोकातून उजेड दिसला.

मी झाकण घाईनं पदरात पुसायला घेतलं.

तेवढ्यात मालन आली. ही भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ. खंडेनवमीला दोन्ही घरच्या अवजारांची पूजा सवाष्ण म्हणून यंदा तिनं केली होती. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ती ओळीच्या तोंडाशी उभी राहिली.

भाऊजींनी माझ्या हातातलं झाकण घेतलं, तो लाल रंग बघितला आणि तिच्याकडं वळले. "तुला हळदीकुंकू लावायला जागा घावली न्हाई व्हय गं? टाकीचं झाकण घावलं? आर्धा दिवस गेला आमचा! औषध कालवून बसलंय. बाग गेली असती, म्हंजे कळलं असतं!"

मालननं पाटी खाली ठेवली. झाकणाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं हे मला कळलं. तिनं बॉनेटाला आणि चाकांना लावलं होतं, तेही हळदीकुंकू. हा शेंदूर होता.

"चुकलं माझं," ती खालमानेनं म्हणाली.

"चुकलं म्हनं! डोळं फुटलं हुतं?"

मी गप्प राहू शकले असते. ट्रॅक्टर दुरुस्त झाला होता, अजून पाऊण तास हातात होता, दोष दुसऱ्याच्या पदरात पडला होता आणि ती तो काढून टाकत नव्हती. नवऱ्याची बोलणी बाईला काय, रोजचीच. पैलवानसुद्धा "जाऊ दे, बाईमाणूस हाय" म्हणून मोकळे झाले होते.

"भाऊजी, तिला बोलू नका," मी म्हटलं. "तो शेंदूर मी लावला."

भाऊजींना समजायला वेळ लागला.

"तुमी?"

"मी. नवमीला, तांबडं फुटायच्या आत. म्हसोबाच्या दिवळीतला शेंदूर घेतला आन् तेलात कालवून लावला."

कुंकवाचा करंडा माझ्या हातातून माघातच गेला होता. पण म्हसोबाच्या शेंदरावर कुणाची राखण नव्हती. ज्या ट्रॅक्टरवर मी उन्हातान्हात बसत होते, त्याला वर्षातून एक बोट लावायला मला बंदी, हे माझ्या मनाला पटलं नव्हतं. म्हणून मी उजाडायच्या आत शेडात गेले होते. बॉनेटावर लावला असता तर मालन पूजेला आल्यावर दिसला असता. रबरी पट्टीखालचं झाकण कुणाला दिसत नव्हतं. अंधारात अंगठ्यानं चांगला दाबून लावला. मालकांचं नाव घेतलं आणि आणखी एकदा दाबला.

"मग बराबर हाय," पैलवान हळूच म्हणाले. "मी मघाशी म्हनलं ते..."

"काय म्हनलासा?" मी त्यांच्याकडं वळले. "पुन्यांदा म्हना, मोठ्यानं म्हना."

ते वेलीकडं बघायला लागले.

"वैनी," भाऊजींचा आवाज खाली आला होता. "तुमाला लावायचा न्हाई हे ठाऊक असताना लावला. आन् त्यानंच ट्रॅक्टर बंद पडला. म्हंजे तुमच्या हातानंच बंद पडला का न्हाई? मग मान्सं काय म्हनत्यात ते खोटं कसं?"

"माझ्याच हातानं बंद पडला. शेंदूर मालननं त्या भोकावर लावला असता तरी पडला असता. तुमी लावला असता तरी पडला असता. भोकाला सवाष्ण कळत न्हाई, भाऊजी. भोकाला वारा कळतो."

मालननं तोंडावर पदर घेतला. हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

"चूक माझी हाय," मी म्हटलं. "पर लावला ही चूक न्हवं. लपून लावला ही चूक. दिवसाउजेडी लावायची सोय असती तर मी बॉनेटावर लावला असता, चारचौघांसारखा. अंधारात हात घातला म्हणून नको तिथं पडला. पुढच्या नवमीला मी उजेडात लावणार. तुमच्यासमोर."

"गाव काय म्हणंल?"

"गावाला बी बोलवा. शेंदूर लई हाय."

मी त्यांच्या हातातून झाकण घेतलं, टाकीवर बसवलं. खाली उतरून नळी जोडली. इलाहीनं फोनवर सांगितलं तसा फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, फेस येऊन हवा गेली, निखळ डिझेल आल्यावर आवळला. कुणी मदतीला आलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. मी सीटवर चढले.

पहिल्या सेलला इंजिन जडपणानं घुमलं. बॅटरी दमली होती. दुसऱ्याला धूर आला. तिसऱ्याला पेटलं.

"सव्वा अकरा झाल्यात," भाऊजी आवाजावर ओरडून म्हणाले. "सतरा ओळी हुयाच्या न्हाईत बारापर्यंत."

"सरका," मी म्हटलं.

ते सरकले. मी ब्लोअर सुरू केला आणि निघाले. प्रत्येक ओळीच्या टोकाला वळताना पहिले काही हात मला वाटायचं, आता उचकी येणार. आली नाही. विसाव्या ओळीला वळले तेव्हा भाऊजी फोनवर बोलताना दिसले. ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पंचविसाव्या ओळीला वळले तेव्हा ते आणि पैलवान भाकरी खात बसले होते. मालन मात्र उभी होती, हाताची बोटं मोजत. माझ्या ओळी मोजत होती.

तिसावी ओळ संपली तेव्हा बारा वाजून गेले होते. किती, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चार माणसं आणि पंप त्या दिवशी माझ्या बांधावर आला नाही.

त्या हंगामात घड चांगले निघाले. भाऊजी बागेत येत राहिले, चुका काढत राहिले, त्यातल्या निम्म्या खऱ्या असायच्या. शेंदराची गोष्ट कुणी काढली नाही. मला वाटलं, विसरले.

पुढच्या नवमीला मी ट्रॅक्टर धुऊन अंगणात आणून लावला, ऊन वर आल्यावर. शेंदूर कालवून वाटीत घेतला. मालन तिचं ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. बांधावर दोन-चार बायका थांबल्या होत्या. पैलवानांना काम निघालं होतं.

भाऊजी आले. आले खरे, पण अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडं आणि तोंड बागेकडं. हात मागं बांधलेले. पाहिलं नाही म्हणजे झालं नाही, असा त्यांनी रातोरात काढलेला तोडगा असणार.

मालन कुजबुजली, "आक्का, लावा आता. बघत न्हाईत."

मी अंगठा वाटीत बुडवला, वर काढला आणि तसाच धरून उभी राहिले. तेल मनगटाकडं ओघळायला लागलं.

"आक्का," मालन पुन्हा म्हणाली.

"भाऊजी," मी मोठ्यानं म्हटलं, "मला काय घाई न्हाई."

भाऊजी तसेच पाठ करून उभे राहिले. मीही राहिले. माझा हात भरून आला, खांद्यापर्यंत कळ गेली, पण मी तो खाली घेतला नाही.

मग सर्जेराव भाऊजी वळले. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि सरळ माझ्या हाताकडं बघत उभे राहिले.

तेव्हा मी शेंदूर लावला.